चिमण्या हातांसाठीं घरगुती भेटी

दिवाळी, नाताळ, ईद, बारसें, वाढदिवस असे प्रसंग आले म्हणजे घरांतील किंवा शेजारच्या लहानग्यास कांहीं तरी भेट द्यावी असें आपणां सर्वांस वाटतें. हें वाटणें स्वाभाविक आहे आणि चांगलेंहि आहे. परंतु ही इच्छा मनांत आली कीं आपलीं पाउलें सहसा बाजाराकडे वळतात. ठाण्यास, कल्याणास किंवा डोंबिवलीस स्टेशनाबाहेर पडतांच खेळण्यांचीं दुकानें समोर येतात. दहा मिनिटांत खरेदी होते, वस्तु चकचकीत कागदांत गुंडाळून मिळते, आणि एका कर्तव्यांतून मोकळे झालों अशा समाधानानें आपण घरीं परततों. अशा रीतीनें दिलेली भेट वाईटच असते असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्या बाळासाठीं ती घेतली त्याचा हात केवढा आहे, त्यास दांत आले आहेत कीं नाहींत, तें बसूं लागलें आहे कीं रांगूं लागलें आहे, याचा विचार त्या दहा मिनिटांत कितीसा झालेला असतो? घरीं आपल्या हातांनीं भेट करावयास बसलें म्हणजे हा विचार टाळतांच येत नाहीं. घरगुती भेटीचा मोठा लाभ आमच्या मतें हाच. पैसे वांचतात हा त्याहून लहान. मात्र विचार न करतां केलेली घरगुती भेट बाजारच्या भेटीहूनहि अधिक घातक ठरूं शकते, हेंहि आरंभींच सांगितलें पाहिजे. हीं दोन्ही अंगें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या ध्यानांत यावीं, एवढ्यासाठीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

‘भेट’ आणि ‘लहान मूल’ या दोन शब्दांची सांगड शिक्षणशास्त्रांत फार जुनी आहे. बालोद्यान पद्धतीचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षकानें लहान मुलांसाठीं जीं खेळण्याचीं साधनें योजिलीं, त्यांस त्यानें ‘भेटी’ असेंच नांव दिलें होतें. १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग या गांवीं त्यानें हें कार्य सुरू केलें. त्याची पहिली भेट कोणती होती? मौल्यवान असें कांहीं नव्हे, तर लोंकरीचे सहा मऊ चेंडू; तांबडा, नारिंगी, पिंवळा, हिरवा, निळा व जांभळा. ज्यास बोलतांहि येत नाहीं अशा बाळाला प्रथम काय द्यावें याचा विचार करतां करतां तो विद्वान् गृहस्थ चेंडूपाशीं येऊन थांबला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु त्यासाठीं जर्मनीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आपल्या जुन्या ठाणें जिल्ह्यांतच याहून बोधप्रद उदाहरण घडलेलें आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें. हा तालुका त्यावेळीं ठाणें जिल्ह्यांत होता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा वेगळा जिल्हा झाला तेव्हांपासून तो त्यांत मोडतो. मादाम मॉंटेसोरी यांच्या पद्धतीचीं साधनें सुबक व उपयुक्त खरीं, पण महाग. खेड्यांतील अंगणांत भरणाऱ्या बालवाडीस तीं परवडणें शक्य नव्हतें. तेव्हां ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनीं शिंपले, खडे, पानें, बिया, बांबू, माती अशा भोंवतालच्या वस्तूंपासूनच साधनें सिद्ध केलीं. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें व देशभर नांवाजलें गेलें. १९६२ सालीं ताराबाईंस पद्मभूषण व १९८५ सालीं अनुताईंस पद्मश्री हा मान मिळाला. त्यांच्या कामांतून आपण घ्यावयाचा धडा असा कीं, सामान स्वस्त झालें तरी विचार स्वस्त होऊं द्यावयाचा नाहीं. शिंपला मुलाच्या हातीं द्यावयाचा तो कोणत्या वयाच्या मुलाच्या, आणि त्यानें त्याचें काय करावें म्हणून, हें त्या बायांनीं प्रत्यक्ष मुलांत बसून ठरविलें होतें.

यास्तव भेट करावयास घेण्यापूर्वीं पहिलें काम सुईचें किंवा कात्रीचें नव्हे, तर डोळ्यांचें आहे. ज्यास भेट द्यावयाची त्या मुलाजवळ अर्धा तास स्वस्थ बसावें आणि तें काय करतें तें नुसतें पाहावें. नुकतें जन्मलेलें मूल वीत-सव्वा वीत अंतरावरचें तेवढें बरें पाहतें, आणि फिकट रंगांपेक्षां काळ्या-पांढऱ्यासारखा ठळक भेद त्याच्या दृष्टीस अधिक पडतो. चवथ्या महिन्याच्या सुमारास तें वस्तु धरूं लागतें व धरलेली वस्तु लागलीच तोंडांत घालतें. ही वाईट खोड नव्हे. वस्तु जाणून घेण्याची त्याची ती रीतच आहे. सहा ते आठ महिन्यांचें मूल बसूं लागतें, एका हातांतील वस्तु दुसऱ्या हातांत घेतें, आपटतें, फेंकतें. वर्षानंतर डब्यांत वस्तु घालणें व काढणें हा खेळ कितीहि वेळ चालतो. दोन वर्षांचें मूल ओढतें, ढकलतें आणि बाहुलीस घांस भरवूं लागतें. तीन वर्षांनंतर जोड्या लावणें, रंग निवडणें, गोष्ट ऐकणें यांची गोडी लागते. आणि पांच-सहा वर्षांच्या मुलास नियमांनीं खेळावयाचा खेळ कळूं लागतो. हीं वयें ठोकळ मानानें सांगितलीं आहेत. कोणी थोडें आधीं, कोणी थोडें मागाहून. म्हणूनच पुस्तकांतील वयावर विसंबून न राहतां समोरचें मूल पाहावें, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

आतां सामानाविषयीं. आमच्या या भागांत राहणाऱ्यास त्यासाठीं फारसा खर्च करावयास नको. भिवंडीचे यंत्रमाग, उल्हासनगरचा कपड्यांचा धंदा आणि बहुतेक प्रत्येक आळींतला शिंपी, यांच्यामुळें कापडाच्या तुकड्यांस येथें तोटा नाहीं. विनयानें मागितल्यास शिंपी पिशवीभर तुकडे सहज देतो. तथापि लहान बाळासाठीं उत्तम कापड म्हणाल तर आजीचें जुनें सुती लुगडें. तें इतक्या वेळां धुतलें गेलेलें असतें कीं त्याची खळ व सुटा रंग केव्हांच निघून गेलेला असतो, आणि नव्या कापडास न येणारा मऊपणा त्यास आलेला असतो. पुठ्ठ्याचे खोके हल्लीं घरोघर येऊन पडतात. नारळाच्या करवंट्या स्वयंपाकघरांतच मिळतात. एका गोष्टीविषयीं मात्र सावध करितों. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. असल्या ठिकाणाहून भंगारांत आलेला डबा, पिंप किंवा पिशवी कितीहि सुबक दिसली आणि कितीहि वेळां धुतली, तरी तिचें खेळणें कदापि करूं नये. ज्यांत पूर्वीं काय होतें तें आपणांस ठाऊक नाहीं, तें मुलाच्या हातीं द्यावयाचें नाहीं, हा नियम सर्वत्र पाळावा.

पहिली भेट फ्रोबेलप्रमाणें चेंडूचीच घेऊं. मात्र आपण तो कापडाचा करूं. जुन्या सुती कापडाचे सहा तुकडे घ्यावे, शक्य तर निरनिराळ्या ठळक रंगांचे. कागदावर दोन्ही टोंकांस निमुळत्या अशा पानाचा नमुना काढावा. लांबी १६ सेंटिमीटर व मधली रुंदी सव्वापांच सेंटिमीटर. हीं मापें कोठून आलीं तें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः ताडून पाहावें. १० सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूचा परीघ सुमारें ३१.४ सेंटिमीटर, त्याच्या निम्मी ती पाकळीची लांबी व सहावा हिस्सा ती रुंदी. याच हिशेबानें लहानमोठा कोणताहि चेंडू बेततां येईल. कापड कापतांना नमुन्याच्या सभोंवतीं एक सेंटिमीटर कापड शिवणीसाठीं अधिक ठेवावें. संत्र्याच्या फोडी एकमेकींस लागून असतात, तशा या सहा पाकळ्या उलट्या बाजूनें कडेस कड लावून शिवाव्या. टांका नुसता पुढें धांवणारा नसावा. दर वेळीं अर्धा टांका मागें येऊन मग पुढें जावें, म्हणजे एखादे ठिकाणीं दोरा तुटला तरी सबंध शिवण उसवत नाहीं. शेवटच्या शिवणींत तीन बोटें जातील एवढें तोंड ठेवून चेंडू सुलटा करावा, आंत धुतलेल्या सुती चिंध्या ठांसून भराव्या, आणि तोंड बारीक टांक्यांनीं दोनदां शिवून टाकावें. हा चेंडू घरंगळतो, पण फार दूर जात नाहीं. अंगावर आला तरी लागत नाहीं. आणि मळला तर धुऊन उन्हांत वाळवितां येतो. रविवारच्या दोन दुपारींत तो सहज पुरा होतो. बाळ जागें असतांना त्यानें खुशाल खेळावें, परंतु वर्षाच्या आंतील बाळ झोपलें असतां चेंडू, बाहुली, उशी असें मऊ कांहींहि पाळण्यांत ठेवूं नये. नाकातोंडावर येऊन त्याचा श्वास कोंडण्याचें भय असतें.

वर्ष-दीड वर्षाच्या मुलास चिंध्यांची बाहुली द्यावी. पूर्वीं आपल्याकडे लांकडाची ठकी असे व तिच्या जोडीस घरांतल्या बायकांनीं शिवलेली चिंध्यांची बाहुली असे. लहान मुलास दुसरीच बरी. एका कागदावर डोकें, धड, हात व पाय असा सबंध आकार एकसंध काढावा. उंची एक वीत असली म्हणजे पुरे. डोकें निराळें करून जोडण्याच्या भरीस पडूं नये, कारण जेथें जोड तेथें तुटण्याची जागा. दोन पदर कापून चेंडूप्रमाणेंच शिवावे व भरावे. डोळ्यांसाठीं गुंड्या किंवा मणी लावण्याचा मोह पुष्कळांस होतो, कारण त्यांनीं बाहुली खरोखरीची दिसते. तो मोह आवरावा. गुंडी सुटून मुलाच्या घशांत अडकली तर कांहीं मिनिटांतच प्राणावर बेतते. डोळे, नाक व तोंड दोऱ्यानें भरावे, केसहि दोऱ्याचेच भरावे, मोकळे सोडूं नयेत. बाहुली फार सुंदर झाली नाहीं म्हणून हळहळण्याचें कारण नाहीं. दोन वर्षांच्या मुलास तिला थोपटून निजवावयाचें असतें, आणि त्या कामास ती पुरेशी आहे.

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठीं आगगाडी. आमच्या गांवांतील मुलांस आगगाडीची आवड असावी यांत नवल तें काय? १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी ठाण्यास आली, आणि १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊं लागली. पुढें कल्याणास कसाऱ्याच्या व कर्जतच्या वाटा फुटल्या. ज्याचे वडील पहांटे उठून लोकल गाडी गांठतात व रात्रीं परततात, त्या मुलाच्या मनांत गाडीविषयीं काय काय येत असेल! तर पुठ्ठ्याचे तीन-चार लहान खोके घ्यावे व ते एकमेकांस वितीहून आंखूड अशा रुंद कापडी पट्टीनें जोडावे. ओढावयाची पट्टीहि वीतभरच ठेवावी. लांब दोरी मुलाच्या गळ्याभोंवतीं बसूं शकते. तीन वर्षांखालील मुलाच्या गाडीस चाकें लावूंच नयेत. गुळगुळीत फरशीवर ती चाकांवांचूनहि उत्तम सरकते, आणि बाटल्यांच्या टोपणांचीं चाकें निखळलीं तर तीं तोंडांत जावयास नेमक्या आकाराचीं असतात. मोठ्या मुलास चाकें हवीं असल्यास ६ सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या तीन-तीन चकत्या एकमेकींवर चिकटवून तीं करावीं.

चिकटविण्यासाठीं घरची खळ उत्तम. एक चमचा मैदा पांच-सहा चमचे पाण्यांत गुठळ्या न होऊं देतां कालवावा आणि मंद आंचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावा. पुस्तकें बांधणारे लोक कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालीत. तें विष आहे. मुलांच्या वस्तूंत घालूं नये. आपली खळ दोन-तीन दिवसांत नासते, तेव्हां ती लागेल तेवढीच करावी. याच खळींत गेरू कालवला तर तांबूस रंग होतो, व पूर्वींच्या आगगाडीच्या डब्यांचा रंगहि असाच तांबूस असे. वारली लोक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें पांढरीं चित्रें काढतात. त्याप्रमाणें गेरूवर तांदळाच्या पिठानें खिडक्या व माणसें काढावीं. मात्र सगळ्या खिडक्या आपण काढूं नयेत. एक डबा कोरा ठेवावा आणि त्यावर काय काढावयाचें तें मुलास विचारावें. बहुधा तोच डबा त्याचा सर्वांत लाडका होतो.

तीन वर्षांच्या सुमारास कापडी पुस्तक द्यावें. ४० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद असे जाड सुती कापडाचे दोन तुकडे घ्यावे, त्यांच्या कडा दुमडून शिवाव्या, एकावर एक ठेवून मधोमध टीप घालावी व तेथें घडी करावी. आठ पानांचें पुस्तक तयार झालें. प्रत्येक पानावर एकच चित्र रंगीत तुकड्यांनीं शिवावें, आणि तें मुलाच्या ओळखीच्या वस्तूचें असावें: घरचें मांजर, आंबा, मासा, आगगाडी, ठाण्याच्या मासुंदा तलावांतील होडी किंवा कल्याणच्या खाडींतील गलबत. परदेशी पुस्तकांत बर्फाचा मनुष्य असतो म्हणून तो येथें आणण्याचें प्रयोजन नाहीं. एका पानावर कापडाचा लहानसा पडदा एका बाजूनें शिवून त्याखालीं एखादें चित्र लपवावें. तो पडदा मूल शंभर वेळां उचलील व शंभर वेळां हंसेल. शेवटच्या पानावर त्या मुलाचें नांव दोऱ्यानें भरावें. अक्षरओळख होण्यापूर्वींच आपलें नांव कसें दिसतें तें त्यास कळूं लागेल.

पांच वर्षांवरील मुलांसाठीं करावयाच्या वस्तूंची गणना करूं म्हटल्यास लेख आवरणार नाहीं. मुलींचे पांच सागरगोटे आणि ते ठेवावयास स्वतः शिवलेली पिशवी. अर्धे फोडलेले चिंचोके फांसे म्हणून व कापडावर शिवलेला पट. कांचेच्या तुकड्यानें नव्हे, तर घासकागदानें गुळगुळीत केलेल्या करवंट्यांचा तराजू. हीं तर आपल्या आजीआजोबांच्या ओळखीचीं. त्याहून मोठ्या मुलांनीं अरविंद गुप्ता यांचें काम अवश्य पाहावें. आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्याच सामानांतून भूमितीच्या आकृति उभ्या करावयास त्यांनीं शिकविलें, आणि टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाचीं शेंकडों खेळणीं करून दाखविलीं. पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं अनेक वर्षें हें कार्य केलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पण सागरगोटे, चिंचोके, आगकाड्या यांपैकीं कोणतीहि वस्तु घरांतील तान्ह्या भावंडाच्या हातीं लागणार नाहीं अशी डबींत बंद ठेवावयाची, हें भेट देतांनाच त्या मुलास बजावावें.

आतां जो भाग पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी आमची विनंती आहे, तो सांगतों. १ जानेवारी २०२१ पासून, कांहीं अपवाद वगळतां, भारतांत विकल्या जाणाऱ्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह असणें सक्तीचें झालें आहे. त्या चिन्हामागें कोणी तरी तें खेळणें ओढून, आपटून, तपासून पाहिलेलें असतें. घरीं केलेल्या खेळण्यास असा तपासनीस नसतो. तें काम करणारानेंच केलें पाहिजे. त्यासाठीं चार परीक्षा सांगतों. पहिली तोंडाची: पुठ्ठ्यास ४ सेंटिमीटर व्यासाचें भोंक पाडावें, जी वस्तु किंवा वस्तूचा जो सुटणारा भाग त्यांतून पार जातो, तो तीन वर्षांखालील मुलास देऊं नये. दुसरी ओढीची: प्रत्येक शिवण व जोड दोन्ही हातांनीं, सर्व जोर लावून ओढावा, आपल्या हातानें तुटलें तर बरेंच झालें. तिसरी रंगाची: पांढरें फडकें ओलें करून वस्तूवर घासावें, फडक्यास रंग लागला तर तो उद्यां मुलाच्या लाळेंतून पोटांत जाणार. गेरूची आगगाडी या परीक्षेस उतरणार नाहीं, म्हणूनच ती सर्व कांहीं तोंडांत घालणाऱ्या तान्ह्या मुलासाठीं नव्हे. चवथी दोरीची: कोणतीहि दोरी वा पट्टी वितीहून लांब नसावी.

कांहीं वस्तु परीक्षेवांचूनच वर्ज्य समजाव्या. तांबडी-काळी गुंज दिसावयास मोहक. पूर्वीं सोनार तिनें सोनें तोलीत. परंतु तिच्या गरांत भयंकर विष आहे. खुळखुळ्यांत भरण्यासाठीं किंवा बाहुलीच्या डोळ्यांसाठीं ती कधींहि वापरूं नये. एरंड, धोतरा व पिंवळी कण्हेर यांच्या बियांविषयींहि असेंच समजावें. शेंदूर हा पूर्वापार शिशापासून करीत आले आहेत, व सुरम्यांतहि पुष्कळदां शिसें असतें. शिसें थोडथोडें पोटांत गेलें तरी लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीस अपाय करतें. यासाठीं बाहुलीचें कुंकू शेंदराचें नको, तांबड्या दोऱ्याचें असावें. पिंवळा रंग हवा असल्यास हळकुंड घरीं दळून घ्यावें. गाणें म्हणणाऱ्या भेटपत्रांत गुंडीसारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिका भाजून काढूं शकते. असा नुसता संशय आला तरी मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें, उलटी करविण्यांत वेळ दवडूं नये. लोहचुंबकाचे लहान तुकडे व फुटलेल्या फुग्याच्या चिंध्या यांचेंहि भय तसेंच आहे. हें सर्व वाचून कोणी घाबरून जावें असा आमचा हेतु नाहीं. जो जाणतो तो निर्धास्तपणें करूं शकतो, एवढेंच सांगावयाचें आहे.

असो. वस्तु तयार झाली, परीक्षेस उतरली. आतां ती द्यावयाची कशी? येथें एक अडचण आम्हांस ठाऊक आहे. ठाण्याच्या मोठमोठ्या वसाहतींत किंवा डोंबिवलीच्या एखाद्या सभागृहांत वाढदिवस असतो, मेजावर भारी खोक्यांचा ढीग पडलेला असतो, आणि त्यांत आपला चिंध्यांचा चेंडू ठेवतांना मुलास लाज वाटते. ती लाज त्याच्या पोरवयाची नसून आपण मोठ्यांनीं त्यास शिकविलेली असते, हें आम्ही स्पष्टपणें म्हणतों. यावर उपाय सोपा आहे. अशी भेट गर्दींत देऊं नये. आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीं घरीं जाऊन ती मुलाच्या हातीं द्यावी, त्याच्यापाशीं बसून थोडा वेळ खेळावें, आणि आंत काय भरलें आहे व कोणत्या रंगानें रंगविलें आहे तें त्याच्या आईस सांगावें. आईनें एखादी वस्तु मुलास देण्यास हरकत घेतली तर तिचें म्हणणें निमूटपणें मानावें. आणि मुलानें आपली बाहुली बाजूला टाकून ज्या पिशवींतून ती आणली तिच्याशींच खेळ मांडला, तर हंसावें, रागावूं नये.

पालकांसहि दोन शब्द. मुलगा धाकट्या बहिणीसाठीं कांहीं करीत बसला असेल तर त्याचे वांकडे टांके उसवून आपण सरळ घालूं नयेत. शिवण पक्की नसेल तर ती कां तुटेल तें दाखवावें व त्याच्याकडूनच पुन्हां घालवून घ्यावी. वांकडी पण पक्की असेल तर तशीच राहूं द्यावी. मुलगे शिवत नाहींत हा समज तर सोडूनच द्यावा. आणि दिवसाचे तीन-चार तास गाडींत घालविणाऱ्या वडिलांनीं खेळणें विकत आणण्याऐवजीं एखाद्या रविवारीं मुलांत बसून पुठ्ठा कापून दिला, तर ती भेट घरांतील लहानमोठ्या सर्वांसच पोंचेल.

शेवटीं एक सूचना. कापडाचा चेंडू महिन्या-दोन महिन्यांत कोठें तरी उसवणार, गाडीचा पुठ्ठा मऊ पडणार, पुस्तकाचा पडदा निघून येणार. हें खेळण्याचें वैगुण्य नव्हे. मूल त्याच्याशीं खेळलें याची ती खूण आहे. म्हणून भेट दिल्यावर सुमारें महिन्यानें सुईदोरा घेऊन त्या घरीं पुन्हां जावें, सगळे जोड ओढून पाहावे, ढिला झालेला टांका घट्ट करावा, आणि जें दुरुस्त होण्यासारखें नसेल तें तेथून उचलून आणावें. एवढ्या अवधींत मूल वाढलेलें असेल. पूर्वीं बसत होतें तें रांगूं लागलें असेल. त्याच्याजवळ अर्धा तास बसून तें काय करतें तें पाहावें, म्हणजे पुढची भेट कोणती करावयाची तें आपोआप कळेल.